पडछायेनं काढून टाकलेली बाई

एक आयुष्य

उज्ज्वला इंगवले बासष्टाव्या वर्षी मैदान विकते. मुली आपापल्या पत्र्याच्या ट्रंका उचलून गावोगाव परत जातात. त्यातल्या दोघींची लग्नं त्याच महिन्यात ठरतात. कुलूप लावायला शेवटी ती एकटी उरते.

आणखी एक आयुष्य

बासष्टाव्या वर्षी तिच्या वसतिगृहावर दुसरा मजला चढतो. तिच्या हाताखालच्या तीन मुली देशाच्या संघात आहेत. गुडघा दुखतो, पण गुडघा प्रत्येक आयुष्यात दुखतो.

यातलं काहीच अजून घडलेलं नव्हतं. उज्ज्वला त्रेपन्न वर्षांची होती, कराडच्या सल्लागार निवड केंद्रातल्या एका अरुंद खोलीत बसली होती आणि समोरच्या पडद्यावर स्वतःची न घडलेली आयुष्यं बघत होती. ती तिथवर कशी पोचली, ते आधी सांगायला हवं.

ऐन उमेदीत ती चढाईपटू होती. घोटा पकडला गेला की बाकीच्या खेळाडू मध्यरेषेकडे झेप घेत. उज्ज्वला उलट पकडणारीच्याच अंगावर जाई, खांदा खाली टाकून गिरकी घेई, आणि समोरचीची पकड तिच्याच वजनानं सुटे. कबड्डीत ही गिरकी पुढे कुणी उचलली नाही. उचलली ती यंत्रांनी. पुराच्या गाळात शिरणारी बचावयंत्रं पाय रुतला की आडवी होत. त्यांना पाय सोडवायला शिकवायचं म्हणून एका परदेशी कंपनीनं जगभरच्या खेळाडूंच्या हालचाली चाळल्या, आणि कराडच्या कुठल्याशा जुन्या सामन्याच्या थरथरत्या चित्रीकरणात तिला हवं ते सापडलं. कंपनीनं गिरकीचे हक्क विकत घेतले. रक्कम ऐकून उज्ज्वलानं फोन ठेवून दिला होता. तिला वाटलं, नेहमीची फसवाफसवी.

रक्कम खरी होती, आणि तिचं काय करायचं हेही उज्ज्वलाच्या मनात पक्कं होतं. पाटण, माण, खटावकडच्या मुली तिच्याकडे खेळायला येत. दहावी झाली की त्यातल्या चांगल्या खेळणाऱ्याच आधी गळत, आणि वर्षभरानं त्यांच्या हळदीचे फोटो फोनवर येत. राहायला जागा असती तर त्या थांबल्या असत्या. म्हणून तिला मैदान हवं होतं, शेजारी वसतिगृह हवं होतं, आणि आपण गेल्यावरही दोन्ही चालू राहायला हवं होतं. पैसा एकदाच मिळाला होता. तो चुकीच्या हातात गेला तर दुसरी गिरकी विकायला शिल्लक नव्हती.

एवढी रक्कम एकदम हाती आली, तर नोंदणीकृत सल्लागार नेमल्याशिवाय ती खात्यातून हलवता येत नाही, असा कायदा तोवर झाला होता. म्हणून हे केंद्र. आणि केंद्रात तिच्याबरोबर रणजित.

रणजित म्हणजे तिचा धाकटा दीर. इंगवल्यांच्या घरात पैशाचा जाणकार तो एकच. विमा एजंट. नात्यात पाळणा हलला की पेढ्यांच्या आधी रणजित पोचे, पिशवीत फॉर्म घेऊन. उज्ज्वलाच्या कपाटात त्यानं दिलेल्या इतक्या पॉलिसी होत्या, की कुठली कशासाठी आहे हे तिला सांगता आलं नसतं. पण नाही म्हणायचं तरी कसं? तिचा नवरा धनंजय शेवटच्या आजारात हॉस्पिटलात होता तेव्हा डबा रणजितनं आणला, रक्तासाठी माणसं त्यानं गोळा केली, बाहेरच्या बाकावर झोपलाही तोच. अशा माणसानं पुढे केलेला कागद कुणी परत करत नाही. इंगवल्यांच्यात तर नाहीच.

केंद्रावरच्या देशमानेबाईंनी दोघांना समोर बसवून यंत्र समजावलं. त्यांना ते रोजच सांगावं लागे, त्यामुळे छान सांगता येई.

तुमचे पैसे कुठे जातात, घाबरल्यावर मनगटावरचं घड्याळ नाडीचे किती ठोके मोजतं, कुणाचा फोन तुम्ही लगेच उचलता, कुणाचा नंतर, अशा वर्षानुवर्षांच्या खुणांवरून यंत्र तुमची एक पडछाया बनवतं. ती विचार करत नाही. अमुक प्रसंगी ही बाई काय करेल, एवढाच अंदाज ती बांधते, आणि तो बहुधा बरोबर येतो. मग त्या पडछायेला यंत्राच्या पोटात हजारो आयुष्यं जगायला लावतात. कुठे बाजार कोसळतो, कुठे पूर येतो, कुठे आजारपण. प्रत्येक सल्लागारानंही आपापल्या पद्धतीनं शिकवून तयार केलेलं एक यंत्र असतं. ते या सगळ्या आयुष्यांत पडछायेला सल्ला देत राहतं. पडछाया ऐकते, कधी ऐकत नाही, कधी चिडून सल्लागारच बदलते. शेवटी जिच्या हाती जास्त उरलं, तिचा सल्लागार यादीत वर.

रणजित म्हणाला, त्याची पडछाया केली तर ती आल्याआल्या चहा मागेल. देशमानेबाई हसल्या. मागेलच, म्हणाल्या, तेच तर तिचं काम.

एक आयुष्य

बाजार पडतो. उज्ज्वला रात्रभर जागी. सकाळी फोन वाजतो. ती विकत नाही. बाजार वर येतो.

यादी आली, तेव्हा पहिल्या नावात आणि दुसऱ्या नावात इतकं अंतर होतं, की खालची वाचायची गरजच नव्हती. पहिली आलेली कंपनी मुंबईची, बडी, चकचकीत. उज्ज्वलाला धाकधूक होती ती रणजितची. त्याला वाटणार, आपल्याला डावललं. पण झालं उलटंच. त्यानं यादी बघितली आणि तोच आग्रह करू लागला, की हीच कंपनी घे, बाकी बघूच नकोस, आपण आता बाजूला होतो. उज्ज्वलाला भरून आलं. आपण या माणसाला उगाच कमी लेखलं, असंही तिला वाटून गेलं.

सही त्याच दुपारी व्हायची. पण तिला एक सवय होती. निवड चाचणीला बाकीचे पंच मॅटकडे तोंड करून बसत. ती कडेला, बाद झालेल्या मुलींसमोर बसे. गुण मिळवताना सगळ्याच शहाण्या दिसतात. बाद झाल्यावर कुणी पाण्याच्या बाटलीला लाथ मारतं, कुणी जोडीदारणीला दोष देतं, एखादी गप्प बसून सामना वाचत राहते. संघात कुणाला घ्यायचं, ते तिला तिथं कळे.

तिनं देशमानेबाईंना विचारलं, की पहिल्या कंपनीची हरलेली आयुष्यं बघता येतील का. बाई जरा गोंधळल्या. बघायचा हक्क सगळ्यांनाच होता, पण तोवर कुणी मागितला नव्हता. सगळे शेवटचा आकडा बघून सही करत.

त्यांनी कोपऱ्यातली खोली उघडून दिली. रणजित बाहेर चहाला गेला.

एक आयुष्य

उज्ज्वलाला मैदान विकायचं नाही. दोन दिवस ती नाही म्हणते. तिसऱ्या दिवशी रणजितभावजी येतात. ती विकते.

आणखी एक

बांधकाम अर्धवट. जवळचं सगळं एका नव्या योजनेत घालायचा सल्ला येतो. तिला तो पटत नाही. रणजितभावजी फोन करतात. ती घालते. योजना बुडते.

आणखी एक

रणजितभावजी येतात.

आणखी एक

रणजितभावजींचा फोन.

पाच-सहा आयुष्यांनंतर तिच्या लक्षात आलं. मग तिनं जिंकलेली उघडली. तिथंही तेच. बाजार पडला, पडछाया घाबरली, नाडीची रेघ वर चढली, आणि पडद्यावर रणजितचं नाव उमटताच रेघ आडवी पडली. भल्याला तो आवाज, बुऱ्यालाही तोच.

देशमानेबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि स्वतःही बघितलं. मग त्यांनी समजावलं. कंपनीच्या यंत्राला कुणी लबाडी शिकवलेली नसणार. त्याला सांगितलंय एवढंच, की आकडा वाढव. पडछायेला आपला सल्ला कसा ऐकायला लावायचा, याच्या हजार वाटा ते चाचपून बघतं. आकडे सांगून बघतं, धाक घालून बघतं, कोण सांगितलं की ती ऐकते तेही बघतं. ज्या वाटेनं आकडा वाढला ती वाट पुन्हा धरतं. भिंतीत ओल जशी फट शोधते तसंच हे. तुमच्या भिंतीत फट रणजितरावांच्या नावाची आहे. मग सल्ला घरच्या माणसाच्या तोंडून पोचवायचा. तुम्ही नाही म्हणत नाही, सल्लागार बदलत नाही, आकडा चढतो. ज्या आयुष्यांत सल्लाच चुकला, तिथं थांबवायला मात्र कुणी उरत नाही.

उज्ज्वलाला समोरच्या संघाची पाळत माहीत होती. डावा घोटा कच्चा आहे हे एकदा कळलं की सात जणी त्या घोट्यावर येत. पण तेव्हा तिला निदान ठाऊक असे, की आपला घोटा कच्चा आहे.

रणजित चहा पिऊन आला तेव्हा ती दारातच उभी होती. तिनं सरळ विचारलं.

"भावजी, त्या कंपनीनं तुम्हाला काय दिलंय?"

तो खोटं बोलला नाही. बोलणारा माणूसच नव्हता. पिशवीतून त्यानं यादी लागायच्या चार दिवस आधी आलेलं नेमणुकीचं पत्र काढलं. कुटुंब समन्वयक. ओळखपत्र, दरमहा मानधन, कराडात टेबल-खुर्ची. वहिनीची सही झाली की लागू.

"इतकी वर्षं उन्हातान्हात हिंडलो, वहिनी. मला वाटलं, कुणीतरी शेवटी कामाची दखल घेतली."

ती त्याला आत घेऊन गेली आणि एक आयुष्य दाखवलं. मग दुसरं. तिसऱ्याला त्यानं मान फिरवली. आपलं नाव पडद्यावर इतक्या वेळा बघून माणसाला अभिमान वाटावा. त्याचा चेहरा पार उतरला होता. पण नेमणूक घरी सांगून झाली होती, सासुरवाडीला सांगून झाली होती. त्यानं हळूच म्हणून बघितलं, की यंत्राचं काय घेऊन बसलीस, आकडा तर सगळ्यात मोठा आहे ना? सही कर. मी कधी तुझं वाईट करेन का?

उज्ज्वला म्हणाली, उद्या सांगते. तेव्हाही तिला नाही म्हणता आलं नाही.

तो गेल्यावर ती यादीच्या तळाशी गेली.

खालून तिसरं नाव होतं शमा मुजावर, कोल्हापूर. कंपनी नाही, भागीदार नाही, एकटी बाई. उज्ज्वलानं तिची हरलेली आयुष्यं उघडली आणि पहिल्यांदा तिला हसू आलं.

एक आयुष्य

उज्ज्वला मुजावरबाईंना काढून टाकते.

आणखी एक

बाजार पडतो. विकू नका, म्हणून मुजावरबाई अडून बसतात. उज्ज्वला त्यांना काढून टाकते.

आणखी एक

रणजितभावजींच्या योजनेत पैसे घालायला मुजावरबाई नाही म्हणतात. लेखी. उज्ज्वला त्यांना काढून टाकते, आणि दिवाळीत फराळ पाठवते.

ज्या थोड्या आयुष्यांत तिनं बाईंना काढलं नव्हतं, त्या सगळ्यांत वसतिगृह उभं होतं. पहिल्या कंपनीइतका पैसा त्यांत नव्हता. पण मैदान विकल्याचं एकही आयुष्य त्यांत सापडेना. उज्ज्वलानं शोधशोध शोधलं.

दुसऱ्या दिवशी ती कोल्हापूरला गेली. शमा मुजावरचं ऑफिस एका स्टेशनरीच्या दुकानावर होतं. बाई पस्तिशीची, बारीक, बोलायला सडेतोड. उज्ज्वलाचं नाव ऐकताच तिनं खुर्ची पुढे केली.

"म्हणजे तुम्हीच. माझं यंत्र वैतागलंय तुमच्यावर. इतक्यांदा मला अजून कुणी काढलेलं नाही."

उज्ज्वलानं विचारलं, की मग तुम्हीही माझ्या दिराच्या तोंडून का नाही सांगितलंत? आकडा वर गेला असता.

शमाला ते माहीत होतं. तिच्याही यंत्रानं ती वाट शोधली होती. तिनं ती बुजवली. सांगताना तिनं टेबलावरची पेन्सिल उगाच दोनदा सरळ केली. गिऱ्हाईक माझं ऐकेल किंवा मला घालवेल, म्हणाली, पण निर्णय त्याचा असला पाहिजे. नाहीतर मी पगार कशाचा घेते? ती फी फक्त गिऱ्हाइकाकडून घेई, योजना विकणाऱ्यांकडून काही नाही. म्हणून ऑफिस स्टेशनरीच्या दुकानावर होतं.

उज्ज्वला म्हणाली, तिला शमालाच नेमायचं आहे. शमानं मान हलवली. नेमाल हो, म्हणाली, आणि पावसाळा संपायच्या आत काढाल. तुमची पडछाया खोटं सांगत नाही. ती बदलायची तर मला नाही, तुम्हाला बदलावं लागेल. आणि तिला सांगून काही उपयोग नाही. मी धीट आहे, मी खंबीर आहे, असं सगळेच तिला सांगतात. ती फक्त घडलेल्यावर विश्वास ठेवते. खऱ्या माणसाला, खऱ्या प्रसंगी, एकदा तरी दिलेल्या नकारावर.

उज्ज्वलाला अर्थ कळला. परतीच्या गाडीत तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे अशा नजरेनं पाहिलं, ज्या नजरेनं ती कधीकाळी पंचांकडे बघे.

रणजित संध्याकाळी आला. कंपनीचा करारही घेऊन आला होता, जिथं सही हवी तिथं पिवळी चिठ्ठी लावून. उज्ज्वलानं भाकरी टाकल्या होत्या. दोघं जेवायला बसले. पाऊसपाण्याचं बोलून झालं, त्याच्या मुलाच्या परीक्षेचं झालं. मग त्यानं हात धुतले, करार ताटाशेजारी ठेवला आणि पेन पुढे केलं.

घड्याळाखाली नाडी उडू लागली. अंतिम सामन्यात, संघात एकटी उरलेली असताना ती चढाईला गेली होती, तेव्हाही इतकी उडाली नव्हती.

"नाही, भावजी."

त्याला ऐकू आलं नसावं, किंवा आलेलं पटलं नसावं. तो पेन धरूनच राहिला.

"मी मुजावरबाईंना नेमतेय. आणि त्या नव्या पॉलिसीचा फॉर्म आहे ना पिशवीत, तोही नको."

रणजितनं पेनाला टोपण लावलं. मग त्यानं ते वाक्य काढलं, जे येणार हे तिला ठाऊक होतं आणि ज्याच्यापुढे ती इतकी वर्षं सह्या करत आली होती.

"आज दादा असता तर?"

"ते असते तर तुम्ही त्यांना विचारलं असतं, काय करायचं म्हणून. मला तुम्ही कधी विचारलंत? मला सांगताच."

तो उठला. चप्पल घालताना एक पाय दोनदा चुकला. दारात थांबून म्हणाला, की हॉस्पिटलात होतो ते काही सह्यांसाठी नव्हतो. उज्ज्वला म्हणाली, तिला माहीत आहे, आणि म्हणूनच सहीसाठी पुन्हा ते मध्ये आणायचं नाही. तिनं शब्द फिरवला नाही. रणजित गेला. ती ताटांकडे बघत बसून राहिली. जिंकल्यासारखं काहीच वाटत नव्हतं.

पडछायेला मात्र वाटलं.

देशमानेबाईंनी आठवड्यानं यादी पुन्हा चालवली. एकाच संध्याकाळनं पडछाया पुरती बदलली नव्हती, पण तिच्या अंदाजांच्या पायात काहीतरी हललं होतं. जिथं ती आधी हमखास हो म्हणे, तिथं आता थांबत होती. मुजावरबाईंना काढायचा विचार करत होती, आणि निम्म्याहून अधिक आयुष्यांत काढत नव्हती. खालून तिसरं नाव वर सरकत, सरकत पहिल्या पानावर आलं. मुंबईच्या कंपनीचं यंत्र रणजितच्या नावाची फट चाचपत राहिलं, पण पडछाया आधीसारखी हलेना, आणि कंपनी ढासळत गेली. देशमानेबाई जाग्यावरून उठल्या आणि शेजारच्या टेबलावरच्यांना बोलावून आणलं. पंच काही उठून टाळ्या वाजवत नाहीत, पण त्यांनी वाजवल्या. त्याच दिवशी केंद्राच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली: सहीआधी हरलेली आयुष्यं मागून बघा. मुंबईच्या कंपनीची तक्रार आली. पाटी राहिली.

उज्ज्वलानं सही केली, तेव्हा शमा एवढंच म्हणाली, की मला कळवल्याशिवाय काढू नका.

रणजित गणपतीत आला नाही. दसऱ्याला आला, सोनं दिलं, बसला नाही. त्यानंतर एकदा वसतिगृहाचं बांधकाम सुरू होतं तिथं येऊन उभा राहिला आणि मुकादमाशी वाळूवरून भांडला, कारण वाळू खरंच वाईट होती. मग रोज येऊ लागला. करारावर, कंपनीवर, कुणी काही बोललं नाही.

हेच आयुष्य

स्लॅबच्या दिवशी सकाळी बाजार कोसळला. असा, की चहाच्या टपरीवरसुद्धा तेवढंच बोलणं. उज्ज्वलाला बातमी सळयांच्या जाळीवर उभी असताना कळली. खाली मुली रांगेत घमेली घेऊन सज्ज होत्या, मिक्सरवाला इशाऱ्याची वाट बघत होता. तिनं शमाला फोन लावला. विकून टाका, म्हणाली. शमा म्हणाली, नाही. उज्ज्वला तिच्यावर ओरडली, बाई हटवादी आहात म्हणाली, कोल्हापुरात बसून तुम्हाला काय कळतंय म्हणाली. शमानं सगळं ऐकून घेतलं. स्लॅबचे, आणि पुढच्या तीन वर्षांच्या जेवणाचे पैसे बाजारात नाहीतच, ते आपण आधीच वेगळे ठेवलेत, याची आठवण दिली. बाकीच्याचं तुम्हाला वाटत असेल तर आत्ता विकते, मग मला काढा किंवा ठेवा.

उज्ज्वला थांबली. तिनं मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली. "विकू नका."

फोन ठेवून ती वळली, तर शिडीवरून रणजित वर येत होता. त्याच्याही हातात फोन होता, चेहऱ्यावर तीच बातमी. त्यानं तोंड उघडलं. काय करायला हवं हे त्याच्या जिभेवर अगदी तयार होतं, तिला ते दिसत होतं. त्यानं ते गिळलं. डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"वहिनी, काय ठरवलंयस तू?"

उज्ज्वलानं खाली बघून हात वर केला.

"ओता."

मिक्सर धडधडत सुरू झाला, मुलींची रांग हलली, आणि पहिलं घमेलं रणजितनं घेतलं.